मुक्काम टॅम्पिनीस, तालुका फ्रान्स

ज्या सेवेची कुणालाही गरज नाही ती शोधून काढायची, पदरमोड करून लोकांच्या दारात नेऊन उभी करायची, आणि लोकांनी ती नाकारली तर दोष सेवेत नसून लोकांत आहे असं शांतपणे मानायचं, हे व्रत आयुष्यभर निभावणारा माणूस मी एकच पाहिला. माझ्या नवऱ्याचे ते एकेकाळचे चीफ इंजिनिअर. जहाजावरून उतरल्यावर सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत त्यांना ऑफिसची नोकरी मिळाली आणि ते टॅम्पिनीस या तिथल्या उपनगरात आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. मी सातव्या मजल्यावर. नवरा वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर, त्यामुळे घरी मी एकटीच. मी त्यांना नवऱ्याच्या तोंडून ऐकून चीफ म्हणायची, त्यांच्या बायकोला मात्र काकू. ते मला वहिनी म्हणत आणि अहो-जाहो करत. काकू मला अगं-तुगं करत. या हिशेबानं आमचं नेमकं नातं काय हे कुणाला सांगता आलं नसतं, पण नव्वद सालानंतरच्या त्या टॅम्पिनीसमध्ये मराठी माणसंच इतकी थोडी होती की नात्यात कुणी फार खोलात जात नसे.

चीफच्या बोलण्यात "आमचा तालुका" सारखा यायचा. आमच्या तालुक्यात असं नसतं. आमच्या तालुक्यात पाव दारात येतो. आमच्या तालुक्यात म्हाताऱ्या माणसाला बाजाराला न्यायला गाडी घरी येते. एका सत्यनारायणाला वेंगुर्ल्याच्या एका गृहस्थांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "कुठला हो तालुका तुमचा? आमच्याकडं तर एस.टी. पण वेळेवर येत नाही." चीफनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि म्हणाले, "फ्रान्स." गृहस्थांनी त्यानंतर जेवणं उरकेपर्यंत त्यांच्याकडं पाहिलं नाही.

झालं होतं असं. चीफ तरुणपणी कुठल्याशा बोटीवर फोर्थ इंजिनिअर असताना फ्रान्सच्या एका बंदरात शिडीवरून पडले आणि पाय मोडून घेतला. बोट त्यांना सोडून निघून गेली. बंदरातल्या इस्पितळानं प्लास्टर घातलं आणि विश्रांतीसाठी त्यांना आत कुठंतरी, डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यात पाठवून दिलं. त्या भागाचं नाव चीफना तेव्हाही उच्चारता येत नव्हतं आणि नंतरही आलं नाही, म्हणून त्यांनी त्याला तालुका म्हणायला सुरुवात केली. भाषा येत नव्हती, खिशात काही नव्हतं, तुपाच्या वासासाठी जीव कासावीस होत होता, आणि अशा अवस्थेत त्या खेड्यानं त्यांना पाय धड होईपर्यंत सांभाळलं. पाववाल्याची गाडी भोंगा वाजवत यायची. पुस्तकांची गाडी यायची. मोपेडवरून नर्स यायची. बायका पाळी लावून सूप आणायच्या. गावात एक सामाईक भट्टी होती, ती पेटली की सगळं गाव आपापलं पीठ घेऊन तिथं जमायचं. चीफ कुबड्या घेऊन एका कट्ट्यावर बसून हे सगळं पाहत. बघता बघता ते त्यांच्या डोक्यात शिरलं ते कायमचंच.

आता हा माणूस आला कुठं, तर सिंगापूरला. या शहरात नळाला चोवीस तास पाणी, कचरा खाली टाकायला प्रत्येक घरात नळकांडं, दर वळणावर बस, ब्लॉकच्या खाली बेकरी, दवाखाना, न्हावी आणि वाणी. नळाची तोटी गळायला लागली तर ती गळतेय हे तुमच्या लक्षात यायच्या आत दुरुस्त करणारा माणूस हजर. सेवाभावी माणसाचा इतका कोंडमारा दुसऱ्या कुठल्या शहरात झाला नसता. पण चीफ हरणारे नव्हते. शिवाय त्यांना घाई होती. नोकरी संपली की इथं राहायचा पास संपणार आणि पास संपला की तळेगावला बांधून ठेवलेल्या घरी जाणं भाग, हे ठरलेलंच होतं. त्याआधी त्यांना इथं एक सेवा उभी करून जायची होती. एकच. पण त्यांच्यामागं आपोआप चालणारी. "चीफ झोपलेला असताना जे चालतं ते इंजिन," ते म्हणत. "चीफ ढकलतो म्हणून चालतं, ती हातगाडी."

पहिली सेवा पावाची. काकूंच्या छोट्याशा ओव्हनमध्ये त्यांनी पाव भाजले, टोपलीत घातले, आणि रविवारी सकाळी खालच्या मोकळ्या जागेत उभं राहून जहाजावरचा धुक्यात वाजवायचा भोंगा वाजवला. भोंगा समुद्रावर कित्येक मैल ऐकू जावा म्हणून बनवलेला. आमच्या ब्लॉकच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, समोरच्या ब्लॉकच्याही उघडल्या, आणि अर्ध्या तासात एक तरुण अधिकारी सायकलवरून आला. फार सभ्य मुलगा होता. मी जिन्यात उभी होते, त्याचं ते 'लाह' लावलेलं सिंगापुरी इंग्रजी सगळं ऐकलं.

"अंकल, सेलिंग ब्रेड कॅनॉट लाह."

"नॉट सेलिंग. सर्व्हिस."

"बट अंकल, हिअर ऑल्सो गॉट बेकरी व्हॉट."

"बेकरी इज नॉट गोइंग अप," चीफ म्हणाले. "आय अॅम गोइंग अप."

अधिकाऱ्यानं यावर खरंच विचार केला. मग म्हणाला, "ओके अंकल, यू गो अप. बट नो हॉर्न." जाताना चीफनी त्याला चार पाव दिले. त्यानं ते घेतले आणि पुढच्या वळणावर एकाचा तुकडा तोडून खाल्ला, तेही मी पाहिलं. त्यानंतर तो परत आला नाही. पाव दगडासारखे होते हे मी आजवर चीफना सांगितलेलं नाही.

मग पुस्तकं. विमानतळावर सामान वाहतात तसली एक जुनी ट्रॉली त्यांनी कुठून तरी पैदा केली आणि तिच्यावर जुने दिवाळी अंक, कादंबऱ्या, पाककृतींची पुस्तकं रचून फिरतं ग्रंथालय सुरू केलं. अडचण एवढीच होती की आमच्या ब्लॉकची लिफ्ट पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबायची. मधल्या मजल्यांवर ग्रंथालय जिन्यानं उतरायचं, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, दाणकन. साहित्य आपल्याकडं येत आहे हे कळल्यावर दिवे मालवून गप्प बसायलाही पुरेसा वेळ मिळायचा. पुस्तक निवडायचा हक्क वाचकाला नव्हता. वाचकाला काय हवं हे चीफ ठरवत. मराठी पुस्तकं संपल्यावर सहाव्या मजल्यावर नव्यानं आलेल्या एका नवविवाहितेला त्यांनी बॉयलरच्या पाण्याची निगा कशी राखावी याचं पुस्तक दिलं. पंधरवड्यानं तिला विचारलं, "कसं वाटलं?" ती बिचारी म्हणाली, "शेवट आवडला." चीफ खूश झाले. शेवटच्या प्रकरणात गळती कशी शोधावी ते होतं म्हणे.

सुपाच्या सेवेनं तर पाचव्या मजल्यावरच्या नीलिमाचा जीव जायचा बाकी होता. नीलिमा पुण्याची, नवरा कॉम्प्युटरमध्ये, मुलगी सई तिथल्याच शाळेत. नीलिमाला फ्लू झाला. चीफनी तत्काळ ब्लॉकमधल्या सगळ्या मराठी बायकांच्या पाळ्या लावल्या. पण आयुष्यभर माणूस ज्या कोष्टकावर जगला तेच कोष्टक त्याला सुचणार. जहाजावरच्या पाळ्या चार-चार तासांच्या, आणि पाळी सुरू झाली की माणूस जागेवर हजर पाहिजे. त्यामुळे पहिल्याच दिवशी पहाटे चारला मी टोमॅटोचं सार घेऊन नीलिमाच्या दाराशी उभी. माझ्यानंतर आठला दुसरी, बाराला तिसरी. तापानं फणफणलेली नीलिमा प्रत्येक वेळी उठून दार उघडायची, आभार मानायची आणि भांडं रिकामं करून परत द्यायची, कारण पुढची पाळी यायच्या आत भांडं मोकळं हवं असा चीफचा दंडक होता. तिसऱ्या दिवशी ती खडखडीत बरी झाली. पुन्हा आजारी पडायची हिंमत तिला बरेच महिने झाली नाही. सेवा यशस्वी झाली असं चीफचं मत पडलं.

सर्वांत मोठी योजना भाजणीची. गावात सामाईक भट्टी असते, मग आपल्यात सामाईक चक्की का नको? सेरंगून रोडच्या भारतीय वस्तीत दळण दळून देणारे लोक होते, आणि आम्ही बायका दिवाळीआधी भाजणी तिथंच नेत होतो. पण "दळण माणसाकडं आलं पाहिजे, माणूस दळणाकडं नव्हे," असं चीफचं म्हणणं. बंदरातल्या भंगारातून त्यांनी एक मोटर आणली, पट्टा आणला, जात्याचे दगड मात्र भारतातून मागवले, आणि नवव्या मजल्यावरच्या आपल्या स्वयंपाकघरात चक्की उभी केली. आम्ही सगळ्याजणी भाजणीचे डबे घेऊन जमलो. काकू एका कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. "समुद्रावर होते तेव्हा फार बरं होतं गं," एवढंच त्या मला म्हणाल्या. चीफनी बटण दाबलं. फरशी थरथरली, मग भांडी, मग आम्ही. पहिला डबा दळून होतो न होतो तोच दारावर थापा बसायला लागल्या.

आठव्या मजल्यावरची म्हातारी होती. चिनी, एकटी राहणारी, उंचीला माझ्या खांद्याएवढी. तिच्या घरचे देव्हाऱ्यातले देव फळीवरून चालत चालत कडेला आले होते, हे तिनं हातवाऱ्यांनी सांगितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला तिची भाषा येत नव्हती. आम्ही बायका घाबरून गेलो, पण चीफचा चेहरा मात्र खुलला. भाषा येत नसलेल्या माणसांत राहायचा त्यांना दांडगा अनुभव. त्यांनी चक्की बंद केली, म्हातारीबरोबर खाली गेले, तिचे देव पुन्हा जागेवर बसवले, फळीला पुढून एक पट्टी ठोकून दिली, वर येऊन उरलेले डबे दळले, आणि दिवाळीला तिच्याकडं चकल्या पोचवल्या. त्या वर्षीच्या आम्हा सगळ्यांच्या चकल्यांना यंत्राच्या तेलाचा वास होता. माझा नवरा नाताळात सुट्टीवर आला तेव्हा उरलेली एक चकली खाऊन म्हणाला, "छान आहे. घरच्यासारखी वाटतेय." इंजिनरूममधून आलेल्या माणसाच्या मताला किती किंमत द्यायची ते मी ठरवलं नाही.

अशा एकेक सेवा सुरू होत होत्या आणि मरत होत्या. पण या सगळ्यांबरोबर आणखी एक प्रकार चालू होता. त्याला सेवा म्हणावं असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, उलट तो बंद कसा करावा याच्याच चर्चा चालत. चीफ रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी नवव्या मजल्यापासून खालपर्यंत जिन्यानं उतरत आणि वाटेतल्या ओळखीच्या दारांशी थांबत. बेल वाजवत नसत. बोलत नसत. मान एका बाजूला कलती करून नुसते उभे राहत, आणि थोड्या वेळानं पुढं जात. सुरुवातीला आम्हाला वाटलं, माणसाला दम लागत असेल.

एके दिवशी सई आतून ओरडली, "ममी, दॅट अंकल लिसनिंग आउटसाइड अगेन लाह!" नीलिमानं फाटकन दार उघडलं.

"काय हवंय चीफ?"

"काही नाही. कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्या. रोज तीन होतात. म्हणून थांबलो."

"आज मुगाची खिचडी आहे."

"मग ठीक आहे," म्हणून चीफ खाली उतरले.

संध्याकाळी नीलिमा तणतणत माझ्याकडं आली. "अगं, माझ्या शिट्ट्या मोजतो हा माणूस! उद्या आणखी कशाकशाला कान लावील!" आम्ही दोघी तडक काकूंकडं गेलो. काकू लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं दाराबाहेर तरी भागतं. मी झोपेत घोरायची थांबले की मला हलवून विचारतात, काय झालं. इंजिनचा आवाज बदलला की उठायची सवय आहे. मी आता काही बोलत नाही. घोरते."

तेवढ्यात चीफ ऑफिसातून आले. नीलिमानं तोंडावरच विचारलं. त्यांना राग आला नाही. एवढी साधी गोष्ट विचारायला दोन बायकांनी दोन जिने चढून यावं याचं त्यांना आश्चर्य वाटलं. तालुक्यात एक पोस्टमन होता, ते म्हणाले. रोज सकाळी सायकलवरून जायचा. पत्र असो वा नसो, म्हाताऱ्या माणसांच्या घराबाहेर थांबून खिडक्यांच्या झडपा उघडल्यात का ते पाहायचा. उघडल्या असतील तर पुढं. चीफ कट्ट्यावर बसून रोज हे पाहायचे. एके दिवशी समोरच्या घराच्या झडपा बंद होत्या. पोस्टमननं सायकल भिंतीला टेकवली आणि दार ठोठावलं.

"मग? वाचला का म्हातारा?" मी विचारलं.

"नाही. पहाटेच गेला होता," चीफ म्हणाले. "पण त्याच सकाळी कळलं ना. एकट्या माणसाला आणखी काय पाहिजे?"

नीलिमा जरा वरमली. तरी म्हणाली, "पण इथं पोस्टमन वर येतच नाही चीफ. सगळ्यांच्या पत्रपेट्या खाली आहेत."

"तेच तर म्हणतोय मी," चीफ म्हणाले. आणि हातपाय धुवायला गेले.

त्यानंतरही आम्ही हसतच होतो, नाही असं नाही. नीलिमा मुद्दाम एखादे दिवशी चौथी शिट्टी होऊ द्यायची आणि दाराबाहेर चीफ गोंधळतात का ते फटीतून पाहायची. मी मात्र माझ्या दाराबाहेर ते थांबत असतील असं कधी धरलंच नाही. माझ्याकडं ऐकण्यासारखं होतं काय? एकटीसाठी कुकर कोण लावणार? आदल्या दिवशीचं असलं तर तेच गरम करायचं, नाहीतर ब्रेड. टीव्ही मला सोसत नसे. सकाळी चहा झाला की मी टेबलाशी वाचत बसायची, आणि ते सिंगापूरचं लखलखीत, व्यवस्थित ऊन घरात हळूहळू पुढं सरकत यायचं. नवऱ्याचा फोन एखाद्या बंदरातून यायचा तेव्हा यायचा. दिवस वाईट जात होते असं नाही. पण आवाज असा नव्हता.

चीफच्या नोकरीचा शेवट जवळ आला. तळेगावच्या घराला रंग लागला. काकू खोकी बांधायला लागल्या. जायच्या आधीच्या रविवारी चीफनी सगळ्यांना खालच्या मोकळ्या जागेत बोलावलं. आम्ही निरोपाचा कार्यक्रम समजून साबुदाणेवडे, चिवडा असं बरंच काही घेऊन गेलो. चीफ पांढऱ्या बॉयलरसूटमध्ये, इंजिनरूमच्या त्या अंगभर पोशाखात, आले होते. जहाज सोडताना जुना चीफ नव्या चीफला सगळं हातात देतो, तसं त्यांना द्यायचं होतं.

"ग्रंथालय कोण घेतं?" त्यांनी विचारलं.

कुणी घेतलं नाही. कुणी म्हणालं जागा नाही, कुणी म्हणालं आमची बदली होणार आहे. नवविवाहितेनं मान खाली घातली.

"पाव?" "खाली बेकरी आहे ना चीफ," कुणीतरी म्हणालं. "सूप?" नीलिमा म्हणाली, "चीफ, नको." आणि सगळे हसले. "चक्की?" यावर कुणी हसलंसुद्धा नाही.

चीफ सगळ्यांकडं पाहत होते. मग "ठीक आहे" म्हणाले आणि वडा खाल्ला. तो चांगला झालाय असंही म्हणाले. पण नंतर मी पाहिलं, ते सिमेंटच्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांचे हात रिकामे पाहिले नव्हते. मला फार वाईट वाटलं. आपण एखादी तरी गोष्ट घ्यायला हवी होती असं वाटलं, पण ग्रंथालय खरोखरच फार जड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. चीफ, पुन्हा त्याच बॉयलरसूटमध्ये.

"चला वहिनी. फेरी."

"कसली फेरी?"

"हँडिंग ओव्हर. बाकीचं राहू दे. हे एवढं करावं लागेल."

"मीच का?"

"तुम्ही जिना चढता. लिफ्टची वाट पाहत नाही. आणि तुम्ही कमी बोलता."

नाही कसं म्हणायचं ते सुचेपर्यंत मी चपला घालून आठव्या मजल्यावर पोचले होते. "दाराला कान लावायचा नाही," चीफ हळू आवाजात शिकवायला लागले. "वाईट दिसतं." इतकी वर्षं कसं दिसत होतं हे मी विचारलं नाही. आठव्या मजल्यावर म्हातारीचा रेडिओ. मोठा असेल तर ती बरी आहे. बारीक असेल तर समजायचं गुडघा धरलाय, उठून मोठा करायचा कंटाळा केलाय. अजिबात नसेल तर बेल. मध्येच माझा मजला आला, पण चीफ न थांबता पुढं उतरले. सहाव्यावर टॅक्सी चालवणारा एक मलाय गृहस्थ रात्रपाळी करून झोपायचा, त्याचं घोरणं. हा आमच्या ओळखीचाही नव्हता. "असू दे," चीफ म्हणाले, "आवाज येतो तर ऐकायचा." शेजारी नवविवाहितेचा मिक्सर. पाचव्यावर नीलिमाच्या शिट्ट्या. "ती कधी कधी मुद्दाम चार करते," चीफ म्हणाले. "लक्ष द्यायचं नाही. चार म्हणजे तब्येत फारच चांगली आहे."

आम्ही परत वर चढलो. माझ्या दाराशी आल्यावर मी गंमत म्हणून विचारलं, "आणि इथं काय ऐकायचं? माझ्याकडं तर काहीच वाजत नाही."

"नाही कसं?" चीफ म्हणाले. "पान उलटतं."

मी किल्ली शोधायला लागले.

"त्याला वेळ लागतो," ते म्हणाले. "तुम्ही फार सावकाश वाचता वहिनी. तुमच्यामुळे माझी बस खूपदा चुकली आहे."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. मग घड्याळ पाहिलं आणि खोकी बांधायला वर गेले. मी आत जाऊन टेबलाशी बसले आणि खूप रडले. आपलं असं इतकी वर्षं कुणी ऐकत होतं आणि आपण त्या माणसाच्या पावांना हसत होतो, हे मला सोसेना.

ते गेल्यावर मी फेरी सुरू केली. मोठ्या उत्साहानं केली असं सांगणं खोटं होईल. पहिले काही दिवस तर मी हातात बाजाराची पिशवी घेऊन निघायची, म्हणजे कुणी पाहिलंच तर सांगायला कारण असावं. पण हळूहळू सवय झाली. रेडिओ, घोरणं, मिक्सर, शिट्ट्या. चीफसारखं काही मला आवाजावरून खिचडी ओळखता येत नसे. तरी म्हातारीचा रेडिओ एकदा दोन दिवस बारीक होता तेव्हा मी बेल वाजवली, आणि गुडघाच निघाला.

मग एकदा मलाच ताप भरला. सकाळी उठवेना. फेरी चुकली हे कळत होतं, पण एक दिवस नाही झाली तर काय बिघडतंय असं म्हणून मी पडून राहिले. डोळा लागला असेल नसेल, आणि बेल वाजली. भिंत धरत धरत जाऊन दार उघडलं. बाहेर नीलिमा, आणि तिच्यामागं आठव्या मजल्यावरची म्हातारी.

"काय झालं तुला?" नीलिमा म्हणाली. "जिन्यात चपला वाजल्या नाहीत तुझ्या. मला वाटलं मला ऐकू आल्या नसतील. तर ही खाली माझ्या दारात. काय म्हणते ते कळेना, पण एकसारखी वर बोट दाखवत होती." म्हातारी काहीतरी बोलली, पुढं झाली आणि माझ्या कपाळाला हात लावला. तिचा हात गार होता आणि फार बरा वाटला.

बरं वाटल्यावर मी तळेगावला फोन लावला. काकूंनी उचलला. चीफ कसे आहेत विचारलं तर म्हणाल्या, "आहेत. कॉलनीत पाण्याच्या टाकीची सेवा सुरू करायची म्हणत होते. लोक म्हणाले, टाकीला माणूस आहे. आता बागेत बसतात. घे, बोल."

मी चीफना सगळं सांगितलं. ताप, चुकलेली फेरी, चपला, म्हातारी. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्यांना सांगितलं कुणी? चपला ऐकायच्या म्हणून?"

"कुणीच नाही."

"तुम्ही नाही?"

"मी झोपले होते चीफ."

यानंतर पलीकडून काहीच आवाज आला नाही. लाइन गेली असंच कुणालाही वाटलं असतं. मिनिटाला मोजून पैसे पडत होते आणि मी हॅलो हॅलो करायला हवं होतं. पण मी तशीच थांबले. बऱ्याच वेळानं तिकडं कुणीतरी नाक ओढलं, आणि लांबून काकूंचा आवाज आला, "अहो, काय झालं?"

"ठेवते चीफ," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.